बाई, तुम्हाला तरी कळतं का हे एआय?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या की आजकाल वर्गात एआयवर पोरांशी बोलतेय, आणि झालं, या महिन्यात 'विचारा की' सदराला भिशी, सासू आणि पाण्याचे वार सोडून सगळी पत्रं त्याचीच. त्यामुळे हा अंक त्यालाच वाहिला म्हणा. पण आधीच सांगून टाकते, मी सोलापुरात सत्तावीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवतेय, कंप्युटरचं माझं शिक्षण म्हणजे एमएससीआयटी, आणि तेही इन्क्रिमेंट अडेल म्हणून केलेलं. तेव्हा कुठलं मॉडेल किती जीबीचं वगैरे विचारणाऱ्यांनी भाच्याला विचारा, मला नको.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे. मुख्याध्यापकांनी पालकसभेत माझ्यावर 'एआय आणि आपली मुले' असं चाळीस मिनिटांचं भाषण टाकलंय, का तर मी स्टाफमध्ये वयाने सगळ्यात लहान. आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हापासून लोकांना वाटतं इथला प्रत्येक मास्तर टेक्निकल आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिथं उभं राहून काय बोलू?

उत्तर : सर, डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड चिकटवला आणि पुढे तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेला, तो कोड काही त्यांनी शोधून काढला नव्हता, तो जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या पार्टांचा माग ठेवायला बनवला होता. त्यांनी फक्त बघितलं की माझ्या वर्गात याचं काय होऊ शकतं. आणि मी तर म्हणते मी पानिपत शिकवते म्हणजे मी काय पानिपतावर होते का? शिकवतो ना आपण, चांगलं शिकवतो. तर 'मी एक्स्पर्ट नाही' हे भाषणाच्या पहिल्याच वाक्यात सांगून टाका, पालक खुर्चीत सैल बसतात, कारण त्यांनाही तीच धास्ती असते की आपल्यालाच एकट्याला कळत नाही.

मग भाषण करूच नका, खेळ घ्या. मी नववीत केला तो सांगते. फळ्यावर 'शेंगाची' एवढं लिहिलं आणि खडू खाली ठेवला. अख्खा वर्ग ओरडला "चटणी!", मागच्या बाकावरून एक आवाज आला "पोळी", आणि त्याच्या शेजारचा त्याला म्हणाला, "काय बे, तुला खायचंच सुचतंय," जसं काही चटणी डोक्याला लावतात. मग म्हटलं का रे चटणीच का, कुणी पुस्तकात वाचलं का? नाही बाई, ऐकून ऐकून. तर हेच. हे जे चॅटजीपीटी, जेमिनी आहे ना ते मुळात हाच खेळ खेळतं, फक्त त्याने इतका प्रचंड मजकूर वाचलाय की आपल्याला ते खेळ वाटत नाही. पुढचा तुकडा कुठला यायची शक्यता जास्त, तो टाकायचा, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि दरवेळी पहिल्या नंबरचाच टाकत नाही, कधी चटणी कधी पोळी, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला की उत्तर वेगळं येतं. तुकडा म्हणते, शब्द नाही म्हणत, कारण ते शब्दाचेही तुकडे करतं आणि मराठी शब्दांचे इंग्रजीपेक्षा जास्त बारीक तुकडे पडतात.

आता खेळाचा दुसरा डाव, खरी मजा यातच आहे. मी फळ्यावर लिहिलं, 'काल दुपारी माझ्या आजीने मला फोन करून सांगितलं की' आणि म्हटलं वाक्य पूर्ण करा. एकाने लिहिलं की या रविवारी हुरडा खायला शेतावर ये. एकीने लिहिलं की गुडघे फार दुखतायत, तेल पाठव. एकाने तर आजीचं गाव बार्शी करून टाकलं आणि एसटी किती वाजता आहे तेही लिहिलं. छान मराठी, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. मग मी सांगितलं की माझी आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली. वर्गात एकदम शांतता. अडतीस पोरं, एकानेही हात वर करून विचारलं नाही की बाई, तुमची आजी आहे का. कारण प्रश्नच असा होता की वाक्य पूर्ण करा, खरं सांगा असं कुणी म्हटलंच नव्हतं. यंत्र खोटं बोलतं का, थापा मारतं का, असं पालक विचारतील तेव्हा हे सांगा. थाप मारायला खरं काय ते माहीत असावं लागतं. ते वाक्य पूर्ण करतंय. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने खटले कोर्टात सादर केले, ते खटले कधी झालेच नव्हते, नावं-नंबरासकट रचलेले, न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोकला. तेही शिकलेले लोकच होते हो, आपल्यापेक्षा जास्त.

तिसरी गोष्ट, आणि हे फक्त तुम्हीच करू शकता, पुण्या-मुंबईचा एक्स्पर्ट नाही. तुम्हाला तळहातासारखी माहीत असलेली एखादी गावची गोष्ट त्याला विचारा. मी आपल्या चार हुतात्म्यांचं विचारलं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी, हे सोलापूरच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. चॅटबॉटने, कुठला ते जाऊ दे, बरोबर सांगितलं हो, मे १९३०चा मार्शल लॉ पण सांगितला, मी जरा खट्टूच झाले. मग मुद्दाम टाईप केलं, "अहो पण पाच होते ना?" लगेच माफी! "तुमचं बरोबर आहे, क्षमस्व" आणि पाचवं नाव हजर, त्याचं गाव आणि वय सुद्धा. मी त्याचा स्क्रीनशॉट पालकसभेत दाखवला, तेव्हा मागे उभे असलेले एक आजोबा जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही. पण त्या एका चित्राने माझी वीस मिनिटं वाचवली. हे असं होतं कारण या यंत्रांना घडवताना कुठलं उत्तर आवडलं कुठलं नाही हे माणसांकडून विचारून घेतलेलं असतं, आणि माणसाला आपल्या हो ला हो मिळवणारा आवडतो, हे काय आपल्याला नवीन आहे का. नवी मॉडेल्स याबाबतीत सुधारलीयत आणि काही तर नेटवर शोधून लिंक पण देतात, तर लिंक दिली तर ती उघडून बघायची सवय लावा, लिंक दिसली म्हणजे तिथे तेच लिहिलंय असं नाही.

फक्त एक, सभेत लाइव्ह करायला जाऊ नका. एक तर ऐनवेळी नेट जाणार, आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी ते नेमकं शहाण्यासारखं वागलं तर तुमची पंचाईत. आदल्या रात्री घरी करा, स्क्रीनशॉट घ्या, मोठे प्रिंट काढा. आणि कुणी अवघड विचारलं की सरळ "माहीत नाही, वहीत लिहून घेतो, पुढच्या सभेत सांगतो." माझ्या हजेरीच्या मागच्या पानावर असे अकरा प्रश्न आहेत, चार सुटलेत.

प्रश्न : मी पंढरपूरला ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. अकरावीतल्या एका मुलीचा निबंध इतका गुळगुळीत होता की मी तो एआय पकडणाऱ्या वेबसाइटवर टाकला, ९२ टक्के एआय असं आलं. मी शून्य मार्क दिले. ती रडली, म्हणते मी स्वतः लिहिलाय. आता तिचे वडील उद्या येणार आहेत. मी काय करू?

उत्तर : ताई, उद्याच्या आधी ते शून्य खोडा.

ही पकडणारी साधनं फार बेभरवशाची आहेत. ज्यांनी चॅटजीपीटी काढलं त्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३मध्ये असं एक साधन काढलं होतं, त्यांनीच सांगितलं होतं की एआयने लिहिलेल्या शंभर उताऱ्यांपैकी सव्वीसच ते ओळखतं आणि माणसाने लिहिलेल्या शंभरातल्या नवांना उगाच चोर ठरवतं, आणि वर असंही की हे इंग्रजीपुरतंच वापरा, बाकी भाषांत आणखी वाईट चालतं. जुलैत गुपचूप बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी सात साधनं तपासली, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांच्या स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयचे ठरवले. का, तर साधे शब्द, ठरलेली वाक्यं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे निबंध कसा शिकवतात? 'प्रस्तावना, मुद्दे, समारोप' आणि गाईडमधली वाक्यं पाठ. आपण वर्षानुवर्षं पोरांकडून पोपटपंची करून घेतली आणि आता पोपटासारखं का लिहिलं म्हणून शून्य देतो!

पण तुमचा कानही खोटा नसेल, ते मी मान्य करते, मराठीच्या मास्तरणीचा कान आहे तो. माझ्याकडे जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेवर, पंधरा निबंध आले, त्यातले सहा असे होते की 'ही यात्रा केवळ धार्मिक उत्सव नसून सामाजिक एकतेचे प्रतीक आहे'. त्यात ना नंदीध्वज, ना अक्षता सोहळा, ना बाराबंदी, ना होम मैदानावरची धूळ. मी काही वेबसाइट उघडली नाही. एकेकाला टेबलाजवळ बोलावलं आणि विचारलं, कुणाबरोबर गेलतास? काय खाल्लंस? पाळण्यात बसलास का? नंदीध्वज किती असतात? एक जण म्हणाला बाई सात, आणि दुसऱ्या नंदीध्वजाला माझा मामा असतो, आणि मग पाच मिनिटं थांबेचना, तो ध्वज पेलताना कमरेला पट्टा कसा बांधतात, मामाचे खांदे कसे सोलतात, आजी तेव्हा घरात कशी देवासमोर बसून राहते. म्हटलं अरे बाबा हे का नाही लिहिलंस? तर म्हणे, "हे निबंधात चालतं का?"

मी त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवले नाही, खरं सांगते. त्याने एआय वापरलं कारण त्याला वाटत होतं की निबंधात जे लिहायचं असतं ते त्याच्याकडे नाहीये. तर तुमच्या त्या मुलीलाही समोर बसवा, वडिलांसमोर नको, एकटीला, कच्चं लिहिलेलं काही असेल तर दाखव म्हणा, दोन परिच्छेदांवर बोलायला लावा. तिने लिहिला असेल तर दहा मिनिटांत कळेल, नसेल तरी कळेल, आणि नसेल तर परत लिहून घ्या, तुमच्यासमोर, वर्गात. आणि वडिलांना सांगा की माझी घाई झाली. एवढं म्हटल्याने मास्तर लहान होत नाही.

प्रश्न : एआय म्हणजे गूगलच की. वेगळं काय त्यात? (एक आजी, जुळे सोलापूर)

उत्तर : आजी, गूगलवर शोधलं की ते तुम्हाला वाचनालयात कुठल्या कपाटात पुस्तक आहे ते दाखवायचं, वाचायचं तुम्ही. हे पुस्तक दाखवत नाही, ते वाचून आलेल्या माणसासारखं स्वतःच्या शब्दांत सांगतं, आणि आठवत नसलं तरी सांगतं. आता गूगलही वरच एआयचं उत्तर देतं, त्यामुळे तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. खाली जाऊन मूळ पान उघडत जा.

प्रश्न : मी पूर्व भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. आमचं सगळं घर चादरीच्या कारखान्यात गेलं, वडील जॅकार्डवर होते. आता मुलं चादरीचं डिझाइन काढून आणा म्हटलं की मोबाइलवर एआयकडून काढून आणतात, मोर काय, कमळ काय, माझ्यापेक्षा भारी. मग मी शिकवू काय? आणि खरं सांगू का बाई, भीती वाटते.

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आणि मला वाटतं की अख्ख्या सोलापुरात एआय शिकवायला तुमच्याइतका लायक माणूस नाही, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

कंप्युटरचा आजा तुमच्या वडिलांच्या हाताखाली होता हो. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४च्या सुमाराला तो माग केला, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं, भोक असलं की तो उभा धागा वर उचलायचा, नसलं की खालीच, आणि कार्डांची माळ फिरत गेली की कापडावर फूल उमटत जातं. ते बघून इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने ठरवलं की माझ्या गणिती यंत्रालाही अशीच भोकाची कार्डं लावू, आणि एडा लव्हलेस बाईंनी १८४३ साली लिहून ठेवलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल. पुढे कित्येक वर्षं कंप्युटरला कार्डंच लागायची. तर हे पोरांना सांगा, वडिलांचं एखादं जुनं कार्ड घरात असेल तर ते वर्गात न्या, हातात द्या, भोकातून बघू द्या.

आणि मग फरक सांगा, तो मला फार दिवस कळत नव्हता आणि एका कार्डं पंच करणाऱ्या काकांशी बोलताना कळला. मी विचारलं फूल वाकडं आलं तर? ते म्हणाले कार्ड काढायचं, कुठलं भोक चुकलं ते बोट ठेवून दाखवायचं, पट्टी चिकटवायची, परत मारायचं. म्हणजे चुकीचा पत्ता असतो. हे नवं जे आहे ना त्यात माणसाने भोकं मारलेलीच नाहीत. कोट्यवधी चित्रं दाखवत गेले आणि आतले अब्जावधी आकडे थोडे थोडे सरकत गेले, जोवर मोर मोरासारखा येत नाही तोवर. आता त्या मोराला तीन पाय आले तर कुठल्या आकड्यावर बोट ठेवणार? बनवणाऱ्यालाही नीट ठेवता येत नाही. एआयबद्दल मला सांगता येणारी सगळ्यात खोल गोष्ट ही, आणि ती मला आपल्या कापडबाजारातल्या चाटी गल्लीपासून फार लांब न जाता मिळाली.

आता तुमच्या पोरांचं डिझाइन. त्यांना म्हणा, छान आहे, आता हे विणून दाखव. चादरीला रंग किती लागतात? मागावर तेवढे बसतात का? मोराचं पीस एवढं बारीक आहे, सुताच्या जाडीत ते येईल का? काठ कुठं संपतो आणि पुन्हा फूल कुठून सुरू होतं, जोड दिसतो का? मोबाइलवरचा मोर हा फक्त चित्र आहे सर, डिझाइन नाही, आणि हे तुम्हाला कळतं, त्याला नाही. आलेखाच्या कागदावर चौकटी भरून त्याच मोराचं कार्डाजोगं रूप करायला लावा, बघा कोण कोण टिकतं.

ही चित्रं ज्या चित्रांवरून शिकली त्या चित्रकारांना विचारलं होतं का, हाही प्रश्न पोरांना टाकाच. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे नावाचा हक्क काय असतो ते आपल्या पोरांना लवकर कळेल. गेटी इमेजेस या फोटोवाल्या कंपनीने २०२३ साली स्टॅबिलिटी एआयवर दावा लावला, आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली हायकोर्टात ओपनएआयवर लावला. वर्गात दोन बाजू पाडा आणि भांडू द्या.

भीतीचं मात्र मी खोटं सांगणार नाही. डिझाइनच्या कामावर परिणाम होणारच, काही ठिकाणी होतोय. हातमाग जाऊन पॉवरलूम आले तेव्हा काय झालं, गिरण्या बंद झाल्या तेव्हा काय झालं, हे तुमच्या घराने बघितलंय, मी पुस्तकात वाचलंय. पोरांसमोर 'काळजी करू नका, नवीन नोकऱ्या येतील' असं मी म्हणत नाही, कारण मला ते ठाऊक नाही.

प्रश्न : माझ्या वर्गातली आठवीची मुलगी म्हणते की ती रोज रात्री एआयशी बोलते, ते तिचं सगळं ऐकून घेतं, आईबाबा नाही ऐकत. मी काय बोलावं? हसू का रागावू? (शिक्षिका, अक्कलकोट)

उत्तर : दोन्ही नको. तिने तुम्हाला सांगितलं ना, म्हणजे अजून तिला माणसाशी बोलावंसं वाटतंय, तिथंच धरा.

हे काही आजच्या पोरींचंच नाही. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीत वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकाने एलायझा म्हणून एक छोटा प्रोग्रॅम केला होता, तुम्ही म्हणाल 'मला आईचा राग येतो' तर तो म्हणणार 'आईबद्दल आणखी सांगा', बस्स, वाक्य फिरवून परत द्यायचं, आत काही नाही. तर त्यांची सेक्रेटरी, जिला हे सगळं माहीत होतं, ती दोन-चार वाक्यं बोलली आणि सरांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का. ते इतके हादरले की पुढचं आयुष्य याच विषयावर इशारे देत राहिले. मग आताचं तर कितीतरी गोड बोलतं. मुलीला ही गोष्ट सांगा, आणि विचारा की ते तुला कधी 'नाही, तुझं चुकलं' असं म्हणालं का. माझ्या एका विद्यार्थिनीने यावर जरा विचार करून उत्तर दिलं होतं की, "नाही बाई, पण तुम्ही पण कधी 'तुझं बरोबर आहे' म्हणाल्या नाहीत." घ्या आता.

तिच्या बोलण्यात जीव नकोसा झालाय असं काही आलं तर मात्र वाट बघू नका, घरच्यांना विश्वासात घ्या, आणि टेलिमानस हा सरकारी नंबर आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

प्रश्न : कितव्या वर्षापासून वापरू द्यावं? आणि वर्गाचे फोटो टाकून कार्टून करून घेतलं तर चालतं का? सगळ्या शाळा करतायत.

उत्तर : युनेस्कोने २०२३च्या मार्गदर्शनात वर्गातल्या वापरासाठी किमान तेरा वर्षं म्हटलंय, चॅटजीपीटीच्या नियमातही तेराच्या खाली नाही आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी. म्हणजे पाचवीच्या पोराला लॉगिन करून देऊ नका, तुम्ही वापरा आणि त्याला दाखवा. फोटो अजिबात नको. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं ते मूल, त्याच्या माहितीला पालकांची संमती लागते. पोरांची नावं, मार्क, आजारपण, भांडणं, यातलं काहीही त्या चौकटीत टाईप करायचं नाही. सगळ्या शाळा करतायत हे उत्तर तुम्ही पोरांकडून ऐकून घेता का?

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या बाई म्हणतात एआय वापरलं तर पालकांना बोलावीन, पण त्या स्वतः चाचणीचे प्रश्न एआयवर काढतात, मी त्यांच्या मोबाइलवर बघितलंय. हे बरोबर आहे का? नाव छापू नका प्लीज.

उत्तर : नाही छापत. आणि नाही, बरोबर नाही, निदान न सांगता करणं तरी नाही.

पण तुझ्या बाईंची बाजू पण सांगते कारण मी तीच आहे. गेल्या वर्षी सहामाहीच्या आधी मला व्हायरल होता, व्याकरणाचे वीस प्रश्न मी एआयकडून काढून घेतले, उत्तरसूची पण त्याचीच घेतली, डोळ्याखालून घातली, छान दिसली. चौतीस पेपर तपासून वाटले. मधल्या सुट्टीत एक मुलगी आली, पेपर पुढे धरला, म्हणाली बाई, पंचवटी द्विगू समास ना? मी म्हटलं हो, मग? "तुम्ही बहुव्रीही नाही लिहिलं म्हणून मार्क कापलाय." मी बघतच राहिले. सत्तावीस वर्षं मी 'संख्या आली की द्विगू आठवा' म्हणून फळा बडवतेय आणि माझ्याच लाल पेनने मी ते चूक ठरवलं, कारण मी स्वतःचं डोकं न लावता सूचीतलं अक्षर आणि पेपरवरचं अक्षर जुळवत होते. चौतीस पेपर परत मागवले, वर्गाला सगळं खरं सांगितलं, जरा हसले पोरं, जरा मीही. त्या मुलीला विचारलं की बाकीच्या तेहतिसांतल्या कुणी का नाही विचारलं गं, तर म्हणाली सगळ्यांना वाटलं बाईंचंच बरोबर असणार.

तेव्हापासून एआयकडून काही घेतलं तर मी पेपरखाली बारीक अक्षरात लिहिते, 'प्रश्न ३ व ७ एआयच्या मदतीने, चूक सापडल्यास एक मार्क'. आतापर्यंत पाच मार्क गेलेत माझे. तुझ्या बाईंना हे पान दाखव, पण मधल्या सुट्टीत, एकटीने जाऊन, आणि मोबाइलमध्ये डोकावलं होतंस ते काही सांगू नकोस.